बिद्दप्पाच्या दुनळीचे दोन बार

बसची कंडक्टरकी संपून बिद्दप्पा घरी बसला, आणि त्याच्यापेक्षा जास्त हाल झाले ते त्याच्या बायकोचे. तो कॉफीच्या झाडांना सल्ले देई, डुकरांना रांगेत उभं करू पाही, आणि बोजम्माने चुलीवर काही ठेवलं की झाकण उघडून बघे. अशातच एका सकाळी त्याची नजर परसातल्या वालाच्या वेलावर गेली. वेल ज्या दांड्यावर चढला होता, तो दांडा दोन नळ्यांचा होता.

"अगं, ही माझ्या आजोबांची दुनळी!"

"होती," बोजम्मा म्हणाली. "आता मांडव आहे. शेंगा काढून झाल्या की घ्या."

कैलपोळ्दच्या सणाला बंदुकीला फुलं वाहणारी आपली माणसं, आणि आपल्याच घरची बंदूक वालाला टेकू! बिद्दप्पाचा जीव कळवळला. त्याने शेंगांसकट वेल उपटला.

बंदुकीची दशा बघवत नव्हती. नळ्यांवर गंजाचे पापुद्रे, एका नळीत कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर, आणि दस्ता वाळवीने खाल्लेला. जो तुकडा उरला होता, तो वाळवीलाही आवडला नसावा. बिद्दप्पाने नळ्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या. त्यासाठी घरातलं सगळ्यात लांबट भांडं घेतलं, ते नेमकं डुकराचं मटण मुरवायचं निघालं. त्यानंतर कितीतरी दिवस घरातल्या पंदीकरीला बसडेपोचा वास येत होता.

"तुम्हाला डेपोची उणीव भासू नये म्हणून मुद्दाम केलीय हो," बोजम्मा वाढताना म्हणे.

घासून घासून नळ्या उजळल्यावर तो बंदूक मडिकेरीला हुसेनसाबकडे घेऊन गेला. हुसेनसाबची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. त्याने नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, घोडे मागे ओढून पाहिले.

"बिद्दप्पा, नळ्या धडधाकट आहेत. बिजागरी मी बसवून देतो. पण घोड्यांच्या खाचा पार झिजल्यात. नवे भाग घडवायला वेळ लागेल. तोवर एकाच नळीत काडतूस घालायचं, कळलं? दोन्ही भरल्या, तर एक घोडा पडला की दुसराही त्याच्या सोबतीला पडेल."

"कळलं, कळलं," बिद्दप्पा म्हणाला. त्याचं सगळं लक्ष दस्त्यात होतं.

दस्त्याला जुनं, मुरलेलं शिसवी लाकूड हवं. ते घरात एकाच ठिकाणी होतं: ओसरीच्या खांबांमधली बैठकीची जाड फळी. बोजम्मा बाजाराला गेलेली पाहून बिद्दप्पाने फळीचं टोक कापलं, तिथे फळांच्या खोक्याची पट्टी ठोकली आणि वरून बुटाचं पॉलिश फासलं. काम इतकं बेमालूम झालं की त्याची त्यालाच शाबासकी द्यावीशी वाटली.

त्याच रविवारी बोजम्माचा भाऊ, निवृत्त सुभेदार मंदण्णा, जेवायला आला. माणूस भरभक्कम, आणि पँट पांढरीशुभ्र. तो नेहमीच्या जागी टेकला आणि कडाडकन खाली गेला. उठला तेव्हा पँटची मागची बाजू काळीकुट्ट.

"भावोजी, सीमेवरच्या शत्रूनेसुद्धा मला असं पाडलं नव्हतं!" म्हणून तो न जेवता गेला. त्यानंतर बोलणंचालणं बंद.

दस्ता मात्र देखणा झाला. जवसाचं तेल पाजून पाजून बिद्दप्पाने त्याला असा चकाकवला, की बोजम्मा त्यात बघून कुंकू लावू लागली.

मग एका दुपारी मडिकेरीच्या दवाखान्यातून फोन आला. त्यांची लेक देचम्मा बाळंत झाली होती. बिद्दप्पाने थेट बंदूक उचलली. मूल जन्माला आलं की अंगणात एक बार काढायचा, ही गावची रीत.

"अहो, मुलगी झालीय," बोजम्मा म्हणाली. "बार मुलासाठी काढतात."

"का? माझ्या नातीला कान नाहीत?"

आनंदाच्या भरात त्याने दोन्ही नळ्या भरल्या आणि एक चाप ओढला. धाड! आणि लगेच, धाड! बिद्दप्पा कोंबड्यांच्या खुराड्यात बसता झाला.

बोजम्माने कपाळाला हात लावला. एक बार म्हणजे घरात जन्म. दोन बार म्हणजे घरात मरण.

थोड्याच वेळात भातखाचरांच्या बांधांवरून पांढरे कपडे घातलेली माणसं येताना दिसली. सगळ्यांच्या पुढे मंदण्णा, धापा टाकत, डोळे पुसत.

"ताई, सोन्यासारखा माणूस गेला गं! मीच दुष्ट! एका पँटपायी अबोला धरला!"

"मंदण्णा," अंगावरची पिसं झटकत बिद्दप्पा म्हणाला, "सोन्यासारखा म्हणालास ते सगळ्यांनी ऐकलंय हं."

मंदण्णाने बिद्दप्पाला कडकडून मिठी मारली, आणि मिठीतच त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. "पुढच्या वेळी मेलात तर मी येणार नाही!"

गावच्या वडीलधाऱ्या पोन्नप्पांनी येता येता चार शब्द मनाशी जुळवले होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून बिद्दप्पाने त्यांना ओसरीवर उभं करून बोलायला लावलं आणि स्वतः समोर मान खाली घालून बसला. "मयताने कधी सुट्टे पैसे परत दिले नाहीत, पण मनाने मोठा होता," इथपर्यंत भाषण आलं आणि हशा आवरेना. बोजम्माने सगळ्यांसाठी कॉफी टाकली.

दुसऱ्या दिवशी बिद्दप्पा नातीला बघायला दवाखान्यात गेला. देचम्मा बाळाला थोपटत होती.

"आप्पा, तुम्ही गेलात म्हणून काल इथे फोनवर फोन येत होते."

"मग? घाबरलीस की नाही?"

"छे! तुम्ही खरंच गेला असतात, तर आईने आधी मला कळवलं असतं. आणि बार काढायला तुमच्या त्या बंदुकीला तर तिने हातही लावला नसता."

बिद्दप्पाने नातीकडे पाहिलं. ती मुठी वळून गाढ झोपली होती.