पिंकीचं पाणी आणि बाद स्ट्रॉबेरी

पातेल्यातलं पाणी काही केल्या गुलाबी होईना. मी पिंकीची तिसरी चिमूट टाकली. सातवीतली काव्या शेजारी उभी राहून बघत होती.

"काका, ह्ये तर चहावानी दिसाय लागलं."

"गप बस. बावीस वर्षं केलंय मी हे."

मी रहिमतपूरकडचा. बावीस वर्षं फौजेत लांगरी होतो. लांगरी म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. रिटायर झाल्यावर साताऱ्यात फौजींच्या मुलींच्या एका होस्टेलचं किचन सांभाळायला लागलो. आणि पिंकी म्हणजे विहिरीत टाकतात ते लाल औषध. कच्चं खायचं फळ, काकडी, टोमॅटो आधी पिंकीच्या पाण्यात बुडवायचं, जंतू मरतात, मगच ताटात. हा फौजेतला शिरस्ता माझ्या हाडीमाशी खिळलेला. पाणी फिकं गुलाबी झालं की बास.

एप्रिल संपत आला होता. बऱ्याच मुली घरी गेल्या होत्या, सहा जणींचा एकेक पेपर राहिला होता. वाईकडच्या एका पालकांनी शेवटच्या तोड्यातली पेटीभर स्ट्रॉबेरी पाठवली. त्यात काव्याला घरून फोन आला. तिचे वडील सुट्टी संपवून जतहून निघाले होते. युनिटला जाण्याआधी तासभर लेकीला भेटणार होते.

फोन ठेवून पोरगी थेट माझ्याकडे आली. "काका, पप्पा परत निघाले की आई दर बारीला लाडू देती. मी कवाच कायबी दिलं न्हाई. औंदा मी करणार. माझ्या हातानं."

तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. रेक्टर मॅडमकडे गेलो.

"किचनमध्ये मुली? गॅसपाशी?"

"मॅडम, श्रीखंड करायचंय, गॅस पेटवायचाच नाही. चक्का, साखर, स्ट्रॉबेरी. एवढंच."

"काही झालं तर जबाबदार तुम्ही."

"येस मॅडम."

दही आदल्या दिवशीच फडक्यात बांधून नळाला टांगलं. सकाळी झकास चक्का मिळाला. मुली तो चाळणीवर घासायला बसल्या, निम्मा नाकाला लावला. स्ट्रॉबेरी निवडताना मी हुकूम सोडला, मऊ पडलेली, चेपलेली सगळी बाद. बादचं एक ताट भरलं. चांगली फळं पोरींनी उत्साहात चिरून पातेल्यात टाकली, वर पाणी ओतलं. मी आलो आणि सवयीनं पिंकी टाकली.

चूक तिथंच झाली, आणि ती माझी. आधी पिंकीचं पाणी करायचं, मग त्यात अख्खं फळ सोडायचं. चिरलेल्या फळाचा रस पिंकीचा रंग खाऊन टाकतो. पाणी गुलाबी दिसत नाही म्हणून मी टाकत राहिलो. चौथ्या चिमटीला पाणी गढूळ झालं आणि स्ट्रॉबेरी भिजवलेल्या चिंचेसारखी दिसायला लागली.

"बाद," मी म्हणालो. "सगळी बाद. खायची नाही कुणी."

तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, काव्याचे वडील स्टँडवर उतरले. काव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझीच चीड आली. शंभर जवानांचं जेवण वेळेत देणारा मी, एका पोरीची वाटीभर स्ट्रॉबेरी घालवून बसलो.

काव्यानं बाहीनं नाक पुसलं. "काका, मगाची ती बाद केलेली हायत की."

"मऊ आहेत ती."

"आवं, कुस्करायचीच हायत न्हवं?"

मी बादचं ताट पुढे ओढलं. सगळ्या जणी ताटावर तुटून पडल्या. नासका भाग कापला, उरलेली फळं नळाखाली नीट धुतली, साखर घालून हातानं कुस्करली, चक्क्यात कालवली. रंग असा आला की विचारू नका. माल मात्र बेताचा. सहा जणींना चमचा-चमचा आणि पप्पांना एक भरलेली वाटी.

वडील व्हिजिटर रूममध्ये बसले होते, पायाशी अंथरुणाचा होल्डॉल. काव्यानं वाटी पुढे केली. त्यांनी चमचा भरला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले. शेवटी फौजी माणूस.

"पिंकीत धुतल्या व्हत्या का गं?"

मी भिंतीकडे बघायला लागलो.

"न्हाई," काव्या म्हणाली. "ज्या धुतल्या त्या काकांनी खड्ड्यात टाकल्या."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. गडी असा हसला की मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या. मग खायला लागला. निम्मी वाटी झाल्यावर काव्या म्हणाली, "ऱ्हायलेलं डब्यात देऊ? गाडीत खावा."

"नगं. आईचे लाडू बॅरेकमधी उघडले की समद्यांचे हुत्यात, माझ्या वाट्याला एक येतो. ह्ये माझ्या एकट्याचं हाय." आणि त्यांनी वाटी बोटानं पुसून खाल्ली.

ते गेल्यावर ती वाटी काव्यानं मला घासू दिली नाही. स्वतः घासली, पुसली आणि रॅकवर सगळ्यात वर ठेवली.

तेव्हापासून मी फळं चिरण्याआधीच पिंकीचं पाणी करून ठेवतो. आणि बादचं ताट पाहुणा गेटबाहेर पडेपर्यंत टाकत नाही.