साडेअठ्ठावीस इंचांचं दार

आत्याने उभ्या आयुष्यात एकदाच चुकीचं माप सांगितलं, आणि तेही एका बाबागाडीपायी.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती एकोणचाळीस वर्षं कापणीच्या टेबलावर होती. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि यंत्राने एका दमात कापायचं, असं ते काम. वर अर्धा इंच चुकला की खाली साठ पोरांच्या चड्ड्या चुकल्या. आत्याची एकही चड्डी चुकली नाही आणि ही गोष्ट तिने कुणाला विसरूही दिली नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने एकदा बाह्यांचा अख्खा गठ्ठा आखूड कापला. बाई एकटी, घरात अंथरुणाला खिळलेला नवरा. ती रडकुंडीला येऊन नुसतं "आज कुणाला बोलू नकोस गं" म्हणत होती. आत्या उठली आणि थेट मालकाकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून ते टेबल रिकामं झालं. आत्या त्या दुपारी डबा पोटभर जेवली.

घरीही तोच तोरा. भावजय गेली तेव्हा भाचा तीन वर्षांचा होता. आत्या दोन पिशव्या घेऊन आली ती राहिलीच. पुढे भाऊही गेला. भाच्याला तिने न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, धाकात ठेवलं. तो नोकरीला लागला, बायको आली, मुलगी झाली. या सगळ्यात घरात कपाट यायचं असो की फ्रीज, आधी आत्या जागा मोजणार आणि मगच दुकानाची पायरी चढायची. "आत्याने सांगितलंय ना, मग झालं," असं भाचा चारचौघांत अभिमानाने म्हणायचा. आत्या वरवर "पुरे रे" म्हणायची आणि आतून फुलून जायची.

घर दोन खोल्यांचं. मध्ये एक पॅसेज, आणि तो खिडकीपाशी जिथे जरा रुंद होतो तिथे आत्याची कॉट. तिथून दोन्ही खोल्या दिसायच्या. निवृत्त झाल्यापासून आत्या त्या कॉटवर बसून सारं घर चालवत होती, म्हणजे चालवते असं तिला वाटत होतं.

अशात भाचेसुनेला पुन्हा दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी जुळी असल्याचं सांगितलं. रविवारी तिघं बाबागाडी बघायला गेली. दुकानदार मोठा हौशी. बाळांऐवजी त्याने वाळूच्या दोन पिशव्या सीटवर बसवल्या, त्यांना पट्टे बांधले आणि म्हणाला, "चालवून बघा, खऱ्या पोरांपेक्षा शहाणी आहेत." जुळ्यांच्या गाड्या दोन तऱ्हेच्या. एकीत मुलं एकामागे एक बसतात, दुसरीत शेजारीशेजारी.

"एकामागे एक नको बाई," भाचेसून म्हणाली. "मागच्याने काय सतत पुढच्याचं डोकंच बघायचं? ही शेजारीशेजारीवाली बघ, किती छान वळते."

"छानच आहे, पण तीस इंच रुंद आहे, ताई," दुकानदार म्हणाला. "दार मोजून या. आणि हिची घडी होते ती नावापुरती. ठेवायला जागा लागेल."

"जागा आहे की. आत्यांची कॉट काढली की पॅसेजमध्ये आरामात राहील."

बादली जरा बाजूला सरकवा म्हणावं, इतक्या सहज म्हणाली ती. दुकानदाराने आत्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. भाचा खाली बसून चाक फिरवून बघत होता. मग आत्या झोपणार कुठे, असं तो आता विचारेल म्हणून आत्या थांबली. त्याला ऐकू गेलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती, कारण चाक क्षणभर थांबलं होतं. मग तो पुन्हा फिरवू लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर आत्याने दार मोजलं. साडेएकतीस. खाली, मध्ये, वर, तिन्हीकडे साडेएकतीस. गाडी खुशाल आत येत होती. "मी कुठे जाऊ रे?" एवढंच विचारायचं होतं. पण ज्या बाईने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, तिच्या जिभेवर असलं वाक्य कसं येणार? भारी मानी! खोटं बोलायला मात्र जीभ झटकन वळली.

"साडेअठ्ठावीस," संध्याकाळी ती म्हणाली. "नाही येत गाडी."

"नक्की ना, आत्या?" भाचेसुनेने विचारलं.

"आत्याला नक्की ना म्हणून विचारतेस?" भाचा हसला. विषय मिटला.

पुढचे आठ दिवस आत्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. एकामागे एकवाली गाडीच कशी बरी, दारामागे उभी कशी राहते, हे ती कुणी न विचारता सांगत होती. नवव्या दिवशी भाचा तिच्या कॉटवर येऊन बसला. एरवी तो कधी बसत नसे.

"आत्या, आम्ही नवीन घर घेतोय भाड्याने. इथे साधी बाबागाडी आत येत नाही, उद्या पोरं मोठी झाल्यावर काय करायचं?" तिकडे लिफ्ट होती, दार रुंद होतं, तीन खोल्या होत्या. एक त्या दोघांची. एक मुलांची. तिसरीत भाचेसुनेची आई येणार होती, बाळंतपणाला आणि नंतरही. "आणि तुझीही सोय केलीय. तुझ्या वयाच्या बायका राहतात तिथे. स्वच्छ आहे. आम्ही दर रविवारी येऊ."

बातमी जिन्याजिन्याने पसरली. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या, की बघा, आत्यांनी दार मोजलं म्हणून वेळीच कळलं, नाहीतर गाडी दारातच अडकली असती. आत्या मान हलवत राहिली. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर घर जातं. आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिने अब्रूवर पाणी सोडायचं ठरवलं. स्वयंपाकघरात सतरंजी टाकली तरी आपल्याला पुरेल, असा तिने हिशेब केला.

सामान बांधायला घेतलं त्या सकाळी भाचेसून तपासणीला गेली होती. भाचा एका मोठ्या खोक्यात पांघरुणं कोंबत होता.

"दार साडेएकतीस आहे," आत्या म्हणाली. "मी खोटं बोलले. गाडी येते आत. कॉट काढून टाका, मी स्वयंपाकघरात झोपेन. तुम्ही जाऊ नका रे."

त्याचे हात थांबले नाहीत. "माहितीये."

"काय माहितीये?"

"साडेएकतीस आहे ते. तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोजलं."

आत्या भिंतीला धरून खाली बसली. "मग बोलला का नाहीस?"

तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं. तो चिडला असता तर तिला सोसलं असतं, चिडलेल्या भाच्याला तिने वाढवलंच होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओझं उतरल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"कॉट काढायची म्हणजे तुला कुठेतरी ठेवणं आलंच होतं, आत्या. ते मी बोललो असतो तर जन्मभर म्हणाले असते लोक, की जिने वाढवलं तिला बाहेर काढलं. मला धीरच होत नव्हता. तू दाराचं बोललीस आणि सुटलो मी. आता घर बदललं ते तुझ्या शब्दावर. कुणी काही म्हणत नाही." आणि मग, खरोखर मनापासून, तो म्हणाला, "बरं झालं तू खोटं बोललीस."

तो पुन्हा खोक्याकडे वळला. पांघरुणं जास्त झाली होती. एक झाकण दाबलं की दुसरं उघडत होतं, आणि त्याच्या हातातली चिकटपट्टी नुसतीच लोंबत होती. दोनदा तसं झाल्यावर आत्या उठली आणि दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून धरलं.