नागपूरहून निघालेला नर

नागपूर स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि जिन्याचा कठडा हाताला पोळत होता. माझ्या हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेली थर्माकोलची पेटी होती. आत पाण्याच्या पिशवीत माझी शेवटची पाइपफिश मादी. गोड्या पाण्यातली ही जात पेन्सिलीएवढी लांब आणि तेवढीच बारीक, तोंड समुद्रघोड्यासारखं. नाशिकच्या घरी माझ्याकडे तीन होत्या. दोन हिवाळ्यात गेल्या.

नागपूरच्या देवरावांशी माझी ओळख फोनवरची. उमरेडकडच्या कोळसा खाणीत ते इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. त्यांच्याकडे एक नर उरला होता. या जातीत अंडी नर सांभाळतो, पोटाखाली चिकटवून. "मादी घेऊन या, सर. संसार लावून देऊ," ते म्हणाले, आणि मी निघालो.

मानेवाड्यातल्या त्यांच्या घरी खिडकीत कूलर घरघरत होता. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी दार उघडलं. "या जी. काहून एवढ्या उन्हात आले? मासा मासा करून राहिले दोघंबी." गरम सांबारवडी (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर) पुढे आली. खाताना माझं लक्ष काचेच्या टाकीकडेच होतं. नर एका रोपाच्या बुडाशी टेकून होता. पोट आत गेलेलं, अंगावरचं एकेक कडं मोजता यावं असं.

"उन्हानं मंदावला," देवराव म्हणाले, आणि उठून उगाच पडदा सरकवू लागले.

हे मासे हलतं, जिवंत खाणंच खातात. देवराव अंगणातल्या जुन्या कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या वाढवायचे. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्यांनी ती उपडी केली होती. "त्याइचं काम त्याइनं केलं," ते म्हणाले. म्हणून संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून उमरेड रस्त्यालगतच्या एका तळ्यावर गेलो. पाणी आटून बरंच आत सरकलं होतं, काठाचा चिखल भेगाळलेला. देवराव टोंगळ्यापर्यंत (गुडघ्यापर्यंत) पाण्यात शिरले, मलमलची जाळी फिरवू लागले. दोनदा श्वास घ्यायला थांबले. बरणीत पिसवांएवढे पाणकिडे जमले.

"पुरे झाले, देवराव."

"थांबा जी. अजून एक डाव."

दुसऱ्या सकाळी मादीला टाकीत सोडलं. ती त्याच्याभोवती फिरली. तो एकदाच उठला, तिच्या अंगाला अंग लावून टाकीभर पोहला. प्रमिलाबाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. मग तो पुन्हा खाली टेकला. समोरून किडे जात होते, त्यानं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला लागलो तेव्हा देवराव म्हणाले, "सर, दोघायलेबी घेऊन जा."

"अहो, मी मादी इथं ठेवायला आणली."

"मले आता तळ्यावर जाणं होत नाही. तुमच्याकडं राहू द्या."

नराची पिशवी त्यांनी स्वतः बांधली. गाठ मारायला फार वेळ लावला.

भुसावळच्या अलीकडे मी पेटी उघडली. नर पिशवीच्या कोपऱ्यात आडवा होता, कल्ले थांबलेले. गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "काय आहे त्यात?"

"मासे."

"जिवंत?"

"एक."

घरी पोचल्यावर फोन करून नर गेल्याचं सांगितलं. देवराव म्हणाले, "मले माहीत होतं, सर. तुम्ही आले त्याच्या आधीपासून तो खातच नव्हता. तुमची मादी पाहून उठंल, असं वाटलं होतं. एकदा उठला, पण खाल्लं नाहीच त्यानं. मंग माह्या डोळ्यापुढं मरू द्यायचा नव्हता मले."

"मग तुम्ही मला तसं सांगायला हवं होतं."

"सांगतलं असतं त नेला असता काय?"

मी फोन ठेवला. दोन दिवस राग गेला नाही. मादी रिकाम्या टाकीत एकटी फिरत होती आणि तिच्यासाठी नवी जोडी शोधायची उमेद माझ्यात उरली नव्हती. मग हिवाळ्यातले ते दिवस आठवले. माझ्या दोघी एकामागून एक गेल्या तेव्हा मीही काचेपुढे खुर्ची ओढून बसलो होतो. कुणीतरी यावं आणि टाकी उचलून न्यावी, असं मलाही वाटलं होतं. माझ्याकडे कुणी आलं नव्हतं, इतकंच.