म्हातारीला घरी पोचवा

गव्हाच्या खळीचा वास आला की सेलूच्या कॉलेजातली ती धूसर दुपार डोळ्यांपुढे तरंगू लागते. मराठीचे सर आमचं लेखन वर्गाबाहेरच्या भित्तिपत्रकावर खळीने चिकटवायला लावत, आणि खाली ज्याला वाटेल त्याने अभिप्राय लिहायचा. शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस ओल्या खळीवर अलगद उतरायचा आणि अक्षरांना पांढऱ्या मिशा फुटायच्या. एका वर्गमैत्रिणीने चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्या म्हातारीची गोष्ट लिहिली, शेवटी ‘क्रमशः’. पोरीचं नाव भिंतीवर लागलंय हे कळताच तिचे वडील तिला कॉलेजातून काढायला आले. आम्ही सगळे भित्तिपत्रकापाशीच उभे होतो. ते मात्र ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचत राहिले. “मंग? म्हातारी घरी पोचली का न्हाई?” “अजून लिहायचंय, अप्पा.” “आन् तवर ती उपाशीच बसायची का गं?” त्यांनी माझ्या खिशातला पेन काढला आणि खाली लिहिलं, ‘म्हातारीला घरी पोचवा. तोवर पोरगी कॉलेजात राहील.’ मग काय! आम्ही सगळे दर आठवड्याला नवं संकट सुचवायचो आणि ती लिहायची. आमचं बी.ए. होईपर्यंत म्हातारी भटकत राहिली. म्हातारीचं गाव पुढचंच स्टेशन होतं, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच ठाऊक होतं; बाहेर मात्र आज पहिल्यांदाच सांगतोय.