बाबलचं नाक आणि काचेतले दोन काटे

सांगा, भरवसा कुणावर ठेवाल? वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसावर, की काचेतल्या काट्यावर? माझ्या एका लॉरीपायी या प्रश्नाचे इतके किस्से जमलेत, की गिऱ्हाईक दुकानात आलं की माल राहतो बाजूला, आधी किस्सा मागतं.

साठ सालाच्या आसपास मिठबावचे आंबे कोल्हापूरला पोचवायला मी सेकंडहँड लॉरी घेतली. त्याआधी बैलगाड्या, अर्धा माल वाटेतच कुजायचा. इंजिन गेलं की मी पुन्हा बैलांच्या मागे, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ड्रायव्हरसमोरचे दोन काटे मी स्वतः खटपट करून शिकलो. एक रेडिएटरचं पाणी किती तापलं ते सांगतो, दुसरा ऑइलचं प्रेशर.

ड्रायव्हर बाबलला समजवायला गेलो, तर म्हणतो, "शेटानू, काटो उगाच घाबरवता. माझां नाक आसा ना. वास इलो काय थांबतंय."

या नाकाला वर्षातले आठ महिने सर्दी.

*

दसऱ्याला त्यानं दोन्ही काचांना कुंकू फासलं, वर झेंडूची माळ. मी विचारलं, "बाबल, आता काटा दिसणार कसा?"

"देवी पुढे बसलीहा. काटो बघून काय करूचा?"

*

एकदा प्रेशरचा काटा शून्यावर. मी इंजिनात ऑइल बघितलं, तर थेंब नाही. बाबल मात्र निवांत.

"शेटानू, आता भियाचा नाय. ह्येच्या खाली जावक जागाच नाय."

*

मग मी वही दिली. प्रत्येक थांब्यावर पाण्याचा काटा बघायचा, आकडा लिहायचा. पहिल्या खेपेची वही उघडली, तर निघताना एकशेसत्तर फॅरनहाइट, फोंडा घाटाच्या पायथ्याला एकशेसत्तर, माथ्यावरही एकशेसत्तर.

"अरे, सगळीकडे एकच आकडा?"

"गाडी एकच ना? मग आकडो येगळो कसो येतलो?"

*

आणि तो मे महिना. घाटाच्या मध्यावर रेडिएटरमधून वाफ फुसफुसायला लागली. ओढा कोरडा, पाण्याचा डबा रिकामा. आंब्यांच्या पेट्यांवर एका व्यापाऱ्याची चाळीस शहाळी होती. या शहाण्यानं त्यातली अकरा फोडून रेडिएटरमध्ये ओतली.

दोन वळणं पुढे गाडी थांबली, ती थांबलीच. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पोचलो. मेस्त्रीनं इंजिन उघडलं, तेव्हा खोबऱ्याच्या वड्या करपल्यासारखा वास सुटला. उरलेला मोसम मी बैलांच्या मागे काढला.

"हे तुला सुचलं कसं रे?" मी विचारलं.

"माणसाक गरमी झाली तर शहाळां देतत. इंजिनान काय घोडां मारल्यान?" असं म्हणून त्यानं वही पुढे केली. "आणि ह्या टायमाक बघून लिवलंय हां."

खरंच लिहिलं होतं, पण शहाळी ओतल्याचं कुठे नाव नाही. *मधला घाट. काटो खाली इलो. गाडी थंड.*

तुमच्याकडे गाडी असेल तर अशी वही जरूर ठेवा, आणि हिशेब खरा लिहा. शहाळी ओतलीत, तर तीही मांडा.