पंपात पाणी कुठून आलं

उमरेड रोडवर माझं गॅरेज आहे, आणि एक काम माझ्याइतकं झटपट अख्ख्या नागपुरात कोणी करत नाही अशी माझी ख्याती होती. पसरवली मीच होती म्हणा. काही पेट्रोल गाड्यांत एक छोटा पंप असतो. थंड इंजिन सुरू झालं की पहिलं मिनिटभर पेट्रोल पुरतं जळत नाही. ते धुराच्या वाटेतच जळावं म्हणून हा पंप तिथे ताजी हवा फुंकतो. तो बिघडला की समोर पिवळा दिवा लागतो आणि मालकाचा जीव खालीवर होतो. मी पंप काढायची, भोकावर लोखंडी पट्टी कसायची आणि लॅपटॉप जोडून गाडीला तो पंप विसरायला लावायची. दिवा बंद, गिऱ्हाईक खूश. धुराचं काय, हे कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

बाबांनी मात्र माझ्या गॅरेजात कधी पाय ठेवला नव्हता. सक्करदऱ्यात त्यांनी जन्मभर कुलरच्या मोटारी दुरुस्त केल्या. पाना धरायला मी त्यांच्याच दुकानात शिकले आणि मग गाड्यांकडे वळले. गाडीवाले नुसते पार्ट बदलवतात, हे त्यांचं ठाम मत. माझ्या कामाबद्दल ते बरं-वाईट काहीच बोलत नसत, आणि ते मला फार टोचायचं. चाळिशी उलटली तरी पोरगी कारागीर आहे हे मला एकदा त्यांच्याकडून हवं होतं.

दुकान बंद केल्यावर त्यांना घरी करमेना, म्हणून गेल्या हिवाळ्यात ते एकदाचे आले. मिहानमधल्या एका कंपनीतल्या इंजिनिअरची गाडी समोर होती. मी मुद्दाम हात भरभर चालवले, पंप काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि आता हा कसा कायमचा बंद करते ते ऐटीत सांगितलं.

"बंद तं करशील," ते म्हणाले. "दुरुस्त काय केलं?"

माझं डोकंच फिरलं. हा कुलर नाही, जमत असेल तर तुम्हीच करून दाखवा, असं मी फटकन बोलून गेले. ते शांतपणे स्टुलावर बसले आणि पंप खोलला. आत गंज, ब्रश अडकलेले, बेअरिंग जाम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पंपाची मोटर बॅटरीवर गरगर फिरवून दाखवली. पण झाकण काही लावेनात.

"काहून वं, यात पाणी कुठून आलं?"

इतके पंप काढले, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"मले तुही गाडी समजत नाही," ते म्हणाले. "पाणी कुठून आलं ते तू सांग, मंगच झाकण लावतो."

आधी लाज वाटली, मग जिद्द चढली. पंपापासून इंजिनापर्यंतची नळी मी इंच-इंच तपासली. वाटेत एक झडप असते. हवा पुढे जाऊ द्यायची आणि धूर मागे येऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. ती काजळीनं अर्धवट उघडी अडकली होती. धुरातली वाफ मागे येऊन पंपात तिचं पाणी होत होतं. बाबांनी झडपेत स्वतः दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिलं, मिशा काळ्या केल्या आणि मान हलवली. मी नवी झडप बसवली.

सकाळी थंडगार इंजिन सुरू केलं. पंप मिनिटभर घुमला, थांबला. दिवा लागला नाही. पंप बंद करून मागणाऱ्यांना आता मी आधी कारण शोधू देता का विचारते. काही जण चिडून निघून जातात, जाऊ देत.

पण पंप बसवण्याआधीचं सांगायचं राहिलं. दुरुस्त मोटरचं झाकण लावण्याआधी बाबा त्याच्या आत तारीख आणि आपली खूण कोरतात, म्हणजे ती परत आली की कोणाच्या हातची ते कळतं. मी त्यांच्या दुकानात होते तेव्हा त्यांनी मला एकदाही खूण करू दिली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी तारीख कोरली आणि खिळा माझ्या हातात दिला.

"खूण माही नाही, तुही टाक. बिमारी तू शोधली."

माझी काही खूणच नव्हती. इतक्या गाड्यांचे पंप बंद केले, पण त्यांतल्या एकीवरही आपली खूण असावी असं मला कधी वाटलं नव्हतं. अभिमानानं ऊर भरून आला होता. कशाबशा दोन रेघा ओढल्या. बाबांनी चष्मा लावून त्या नीट पाहिल्या आणि झाकण लावलं.