वरची फणी

धूलकोटच्या बाजूच्या एका खेड्यात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. लांब शब्द आला की मुलं खिडकीबाहेर बघायची. म्हणून एकदा केळीचा घडच वर्गात टांगला. घडाच्या जशा फण्या, तसे शब्दाचे तुकडे: रि-स्पॉन-सि-बि-लि-टी. सहा. सगळ्यांना कळलं.

मग एक जण म्हणाला, "सर, जोर कुठल्या तुकड्यावर?"

मला माहीत नव्हतं. मी घडाकडे पाहिलं. "सगळ्यात भरलेली फणी कुठली?"

"वरची!"

"मग जोर पहिल्यावर. शब्द कुठलाही असो."

केळीवाल्यांची मुलं, नियम लगेच पाठ झाला. महिनाभराने मी शब्दकोश उघडला. या शब्दाचा जोर चौथ्या तुकड्यावर होता. पण तोवर प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं होतं. शब्दकोश कपाटात गेला आणि घड टांगलेला राहिला.

त्या वर्गातली एक मुलगी आता सिंधीपुऱ्यात इंग्रजी शिकवते. मागच्या महिन्यात तिने आग्रहाने बोलावलं. तिच्या पाठाचा व्हिडिओ जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना जाणार होता. गेलो तर फळ्यासमोर घड! पोरं वरच्या फणीला छडी लावून ओरडत होती, "रि!"

मी उभा राहिलो. "थांबा. जोर चौथ्यावर आहे. मी चुकीचं शिकवलं होतं."

पाठ बघायला आलेले साहेब घडाजवळ गेले. "गुरुजी, चौथी तर बारीक आहे."

"साहेब, केळीचा काही संबंध नाही."

"ऐसा कैसा? मग टांगलाय कशाला?" त्यांच्याही घरी केळीच. त्यांनी शिपायाकडून घड उलटा टांगून घेतला. तरी चौथी काही भरेना.

माझी विद्यार्थिनी पुढे आली. तिने घड सरळ केला, विळ्याने वरची फणी कापली आणि सुतळीने चौथीवर बांधली. "पुन्हा म्हणा."

"बि!" पोरं ओरडली. साहेबांचं समाधान झालं.

नंतर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. "सर, पहिल्या इंटरव्ह्यूत ते लोक हसले होते माझ्यावर. नोकरी नाही दिली. मला वाटलं, मोठ्या शहरातले आहेत, त्यांनी घड पाहिला नसेल."

मी फाटकाची कडी काढली.

"तुम्हाला कधी कळलं, सर?"

"तू आठवीत होतीस तेव्हाच."

"रिक्षा बघते," म्हणून ती गेली. कोपऱ्यावर दोन रिक्षा रिकाम्याच उभ्या होत्या. ती बराच वेळ आली नाही.